शाळेसाठी चित्रपट परीक्षण लिहायचंय, आधीची तयारी कशी करावी?

निळीशाई | सोमवार, रात्री 9:40

माझी लेक नववीत आहे. भाषेच्या प्रकल्पात तिला एका चित्रपटाचं परीक्षण लिहायचंय. शब्दमर्यादा 600, हाताशी बारा दिवस. चित्रपट कुठलाही चालेल असं बाईंनी सांगितलंय. तिने इराणी दिग्दर्शक माजिद माजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' निवडला. गेल्या आठवड्यात आम्ही दोघींनी तो एकत्र पाहिला आणि तिला तो मनापासून आवडला.

काल तिने पहिला कच्चा मजकूर लिहिला. साडेतीन पानं झाली, त्यातली सव्वातीन पानं गोष्ट. अली नावाच्या मुलाच्या हातून त्याच्या बहिणीचे, झाराचे, दुरुस्त करून आणलेले बूट हरवतात, घरी सांगायची सोय नाही, मग झारा सकाळच्या शाळेत अलीचे बूट घालून जाते आणि दुपारच्या शाळेसाठी तेच बूट अली घालतो, इथपासून शर्यतीपर्यंत सगळं क्रमाने. शेवटी दोन ओळी: 'हा चित्रपट खूप छान आहे. सर्वांनी तो अवश्य पाहावा.' लिहून झाल्यावर तीच म्हणाली, "आई, हे परीक्षण नाहीये ना? ही नुसती गोष्ट झाली."

तिचं बरोबर होतं. पण मग परीक्षण म्हणजे काय, हे मलाही तिला सांगता येईना. आंतरजालावर शोधलं तर नमुन्याची परीक्षणं ढिगाने मिळाली, पण ती वाचून ती आणखी गोंधळेल असं वाटलं. मला तयार मजकूर नकोय. लिहायला बसण्याआधी तिने काय करावं, एवढंच सांगा.

काचतावदान | सोमवार, रात्री 10:05

धागा चांगला आहे, वाचतोय. दोन प्रश्न. बाईंनी काही मुद्दे दिलेत का? आणि शेवट उघड करायचा की नाही, याबद्दल काही सांगितलंय का?

निळीशाई | सोमवार, रात्री 10:20

एका कागदावर चार शब्द आहेत: कथा, पात्रं, तांत्रिक बाजू, स्वतःचं मत. शेवटाबद्दल काहीच नाही. 'तांत्रिक बाजू' पाहून ती घाबरली आहे. "मला कॅमेऱ्यातलं काय कळतं?" हा तिचा प्रश्न.

तिसरीघंटा | सोमवार, रात्री 11:30

निळीशाई ताई, "हे परीक्षण नाहीये ना?" हे तिला स्वतःला जाणवलं, तिथेच अर्धं काम झालंय. बऱ्याच मोठ्या माणसांना ते जाणवत नाही. मी काही वर्षं रसास्वादाचे वर्ग घेतले आहेत, त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

सगळी तयारी पाहण्यात आहे. मुलं एकदा पाहतात आणि लगेच लिहायला बसतात. एकदा पाहिल्यावर डोक्यात गोष्टच उरते, त्यामुळे कागदावरही गोष्टच उतरते. यात त्यांचा दोष नाही. पहिल्यांदा पाहताना पुढे काय होणार यातच जीव अडकलेला असतो. दुसऱ्यांदा पाहताना ते आधीच माहीत असतं, म्हणून नजर मोकळी होते आणि समोर काय ठेवलंय ते दिसायला लागतं.

पण दुसऱ्यांदा पाहण्याआधी एक काम. उद्या सकाळी, कुणाशी न बोलता, चित्रपटातलं काय आठवतंय त्याच्या पाच ओळी तिने लिहाव्यात. गोष्ट लिहायची नाही. डोळ्यांसमोर जे चित्र येईल किंवा कानात जो आवाज येईल, तेवढंच. आठवडा उलटून गेल्यावर जे टिकलंय ते तिचं स्वतःचं असतं. परीक्षणाचं बी बहुतेक वेळा त्या पाच ओळींत सापडतं.

मग दुसरं पाहणं, वही घेऊन. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे पडद्यावर काय दिसलं आणि काय ऐकू आलं. उजवीकडे त्या वेळी मला काय वाटलं. डाव्या बाजूला एकही विशेषण येऊ द्यायचं नाही. उदाहरण देतो. चित्रपट सुरू होतो तेव्हा श्रेयनामावली चालू असते आणि पडद्यावर फक्त एका चांभाराचे हात आणि एक छोटासा गुलाबी बूट दिसतो. तो बूट शिवतोय. बराच वेळ तेवढंच. डावीकडे लिहायचं: 'हात, सुई, दोरा, जुना बूट, चेहरा दिसत नाही.' उजवीकडे तिला जे वाटेल ते. कंटाळा आला असेल तर 'कंटाळा आला' असंच लिहायचं. ते पुसायचं नाही.

चित्रपट दीड तासाचाही नाही, त्यामुळे मध्ये थांबवून लिहायला वेळ आहे. टिपणाशेजारी कितव्या मिनिटाला ते आलं तेही लिहून ठेवावं. पुढे एखादा प्रसंग पडताळायचा झाला तर सगळा चित्रपट पालथा घालावा लागत नाही.

रानवाट | मंगळवार, सकाळी 7:15

तिसरीघंटा, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात वही देऊन तिला चित्रपटासमोर बसवलं तर ती चित्रपट पाहील की वही? शाळेत कवितेचं आम्ही हेच केलं. आधी अलंकार शोधले, वृत्त ओळखलं, आणि कविता कायमची नावडती झाली. तिला तो चित्रपट आवडलाय, ही केवढी मोठी गोष्ट आहे. ते आवडणं जपा. त्या ओघात बसून तिने लिहावं, चुकलं तर चुकू दे.

तिसरीघंटा | मंगळवार, सकाळी 8:40

रानवाट, तुमची भीती खरी आहे आणि कवितेचं तर मी स्वतः भोगलंय. म्हणूनच पहिल्यांदा पाहताना वही नको म्हणतो. पण ओघात लिहिलेला कच्चा मजकूर तिने परवा लिहिलाच आहे, आणि त्यात तिचं आवडणं कुठेही उतरलं नाही. 'खूप छान' या दोन शब्दांत ते बुजून गेलं. ते आवडणं नेमकं कुठून आलं, हे शोधायला ती परत जातेय. अलंकार मोजायला जात नाहीये. आपल्याला आवडलेल्या घरात दुसऱ्यांदा जातो तेव्हा खिडक्या कुठे आहेत ते दिसतं, तसं.

कोरीपाटी | मंगळवार, दुपारी 1:10

मी भाषा शिकवते, असे प्रकल्प दरवर्षी तपासते. तपासणाऱ्याच्या बाजूने थोडं लिहिते.

कागदावर चार शब्द असले की मुलं चार परिच्छेद लिहितात: कथा, पात्रं, तांत्रिक बाजू, मत. प्रत्येकाला वेगळा मथळा. असं लेखन नापास होत नाही, पण ते वाचताना मूल दिसत नाही. ते चार शब्द म्हणजे परीक्षणात काय काय असावं याची आठवण, लेखाचा आराखडा नव्हे. एकाच प्रसंगाबद्दल नीट लिहिलं तर त्यात पात्र येतं, छायाचित्रण येतं, आपलं मतही येतं.

याच चित्रपटातलं सांगते. अलीचे वडील घरी बसून प्रार्थनास्थळासाठी साखरेचे खडे फोडत असतात. झारा त्यांना चहा आणून देते. चहा बिनसाखरेचा. समोर साखरेचा ढीग असताना ते त्यातला एक खडा घेत नाहीत, कारण ती साखर विश्वासाने सोपवलेली आहे. आता एखाद्या मुलाने 'वडील गरीब पण प्रामाणिक आहेत' असं लिहिलं तर मी पुढे जाते. कुणी साखरेचा ढीग आणि बिनसाखरेचा चहा लिहिला, तर 'प्रामाणिक' हा शब्द लिहायची गरजच राहत नाही. तिथे माझा हात थांबतो आणि मी त्या मुलाचं नाव परत एकदा बघते.

कथा किती लिहायची, हा नेहमीचा प्रश्न. 600 शब्दांत शंभरापेक्षा जास्त नको. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याला पुढचं समजावं, एवढीच. आणि नमुन्याची परीक्षणं तिचं लेखन पूर्ण होईपर्यंत अजिबात वाचू देऊ नका. उतरवून काढणं तर चूकच, पण न उतरवताही दुसऱ्याची वाक्यं डोक्यात घर करतात आणि मग आपल्याला खरंच काय वाटलं ते ऐकू येईनासं होतं. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुरालाही हेच लागू आहे. तो वाचायला गुळगुळीत असतो, पण त्यात बिनसाखरेचा चहा नसतो.

निळीशाई | मंगळवार, रात्री 9:15

सगळ्यांचे आभार. सकाळी तिने पाच ओळी लिहिल्या. तिची परवानगी घेऊन इथे देते, एक अक्षर बदललेलं नाही:

'बूट गटाराच्या पाण्यात वाहत जातो आणि झारा त्याच्यामागे पळते. दोघं बूट धुतात आणि साबणाचे फुगे उडवतात. वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून वहीत लिहून बोलतात. त्या दुसऱ्या मुलीचे वडील आंधळे असतात. मासे.'

शेवटी फक्त 'मासे'. मी विचारलं तर म्हणाली, "शर्यतीनंतर तो हौदात पाय सोडून बसतो ना, तेव्हा मासे येतात. मला ते काय आहे कळलं नाही, पण ते जात नाहीये."

आता नवा प्रश्न. तिला शेवट अर्धवट वाटतो. अलीला तिसरा नंबर हवा असतो, कारण बूट तिसऱ्या बक्षिसात आहेत. तो पहिला येतो. सगळे आनंदात, तो रडतोय. घरी आल्यावर झारा त्याचा चेहरा बघते आणि निघून जाते. चित्रपट संपतो. तिचं म्हणणं, "बूट मिळाले की नाही ते सांगायला हवं होतं." तिला ते उणीव म्हणून लिहायचंय. पण चित्रपट जगभर नावाजलेला आहे. बाईंनाही तो आवडत असणार. शाळकरी मुलीने त्यात खोट काढलेली चालेल का?

अधांतरी | मंगळवार, रात्री 9:50

ताई, तुम्ही दोघींनी शेवटचा भाग पाहताना अलीच्या वडिलांची सायकल पाहिली का? बाकी काही सांगत नाही. लेकीला शेवटची दहा मिनिटं परत पाहू दे. हा प्रतिसाद तिला वाचायला देऊ नका, नुसतं 'परत पाहा' म्हणा.

काचतावदान | मंगळवार, रात्री 10:02

सायकल मलाही आठवत नाही. आज रात्री मीच पाहणार.

रानवाट | मंगळवार, रात्री 10:30

खोट काढलेली चालेल का? चाललीच पाहिजे. नावाजलेल्या चित्रपटाबद्दल 'मला हे पटलं नाही' असं लिहिण्यात उद्धटपणा कुठे आला? उद्धटपणा कारण न देता लिहिण्यात आहे. 'शेवट वाईट आहे' हा शेरा. 'मी दीड तास त्या बुटांची वाट पाहिली आणि मला ते मिळालेले दिसले नाहीत, म्हणून मी अस्वस्थ उठले' हे परीक्षण. पहिल्या वाक्याशी वाद घालता येतो, दुसऱ्याशी नाही, कारण ते तिच्यासोबत घडलंय.

आणि परत पाहून तिचं मत बदललं, तर तेही लिहू दे. 'आधी मला असं वाटलं होतं, मग हे दिसलं' असा प्रवास मी मोठ्यांच्या परीक्षणातही क्वचितच वाचलाय.

पडद्याआड | बुधवार, दुपारी 3:30

मी ध्वनीचं काम करतो. 'तांत्रिक बाजू' या शब्दाला तिने घाबरू नये म्हणून लिहितोय.

तांत्रिक बाजू म्हणजे अवघड शब्दांची यादी नाही. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: हे असंच का दाखवलं, वेगळं का नाही? चांभाराचे हातच का, चेहरा का नाही? भावंडं वहीत लिहून बोलतात तेव्हा खोलीत आणखी कोण आहे, त्यांचे आवाज कसे आहेत? बूट पाण्यात वाहतो तेव्हा आपण झारासोबत पळतोय की लांबून बघतोय? या प्रश्नांची उत्तरं देताना ती आपोआप छायाचित्रणाबद्दल, संकलनाबद्दल बोलते. 'क्लोज-अप' हा शब्द माहीत असेल तर वापरावा, नसेल तर 'अगदी जवळून' म्हणावं. अर्थ तोच.

संकलन समजवायचं असेल तर तिला लेव कुलेशोव यांच्या प्रयोगाबद्दल सांगा. सोव्हिएत रशियातले हे दिग्दर्शक आणि शिक्षक. साधारण शंभर वर्षांपूर्वी त्यांनी एका नटाचा कोणताही भाव नसलेला चेहरा घेतला आणि त्याला वेगवेगळी दृश्यं जोडली. एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटीतलं लहान मूल, एकदा एक स्त्री. चेहरा प्रत्येक वेळी तोच. पाहणाऱ्यांना मात्र तो कधी भुकेला वाटला, कधी दुःखी. म्हणजे भाव त्या चेहऱ्यावर नव्हताच, दोन दृश्यं शेजारी ठेवल्यामुळे तो आपल्या मनात तयार झाला. हे एकदा कळलं की मूल चित्रपट पाहताना 'याच्यानंतर हेच का?' असं विचारायला लागतं.

एक व्यायाम माझ्याकडून. शर्यतीचा प्रसंग तिने पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकावा. मग आवाज पूर्ण बंद करून तोच पाहावा. दोन्ही वेळा काय वाटलं ते दोन वाक्यांत लिहावं. वीस मिनिटांचं काम आहे, पण ध्वनीबद्दलचा आख्खा परिच्छेद त्यातून निघतो आणि तो तिचा स्वतःचा असतो.

कोरीपाटी | बुधवार, सायंकाळी 6:00

माहितीबद्दल थोडं, कारण गुण इथे विनाकारण जातात. चित्रपट 1997चा, इराणचा, भाषा फारसी. मूळ नाव 'बच्चेहा-ये आसेमान'. आसेमान म्हणजे आपलं आसमानच, हे तिला सांगा, तिला मजा वाटेल. ऑस्करला परभाषिक चित्रपटांच्या विभागात याला नामांकन मिळालं आणि असं नामांकन मिळवणारा तो पहिला इराणी चित्रपट. पुरस्कार त्या वर्षी 'लाइफ इज ब्युटिफुल' या इटालियन चित्रपटाला गेला. नामांकनाला 'ऑस्कर विजेता' लिहायचं नाही. ही चूक दर वर्षी कुणीतरी करतंच.

याच्यावरून हिंदीत 2010 मध्ये प्रियदर्शन यांनी 'बम बम बोले' केला. तिने तो पाहिला असेल तरच तुलना करावी. माहिती म्हणून एक ओळ घातली तरी चालेल, न घातली तरी काही बिघडत नाही. ही सगळी माहिती मिळून दोन वाक्यांपेक्षा जास्त जागा खाऊ देऊ नका.

आणि तिने उपशीर्षकं वाचत पाहिला असेल, तर संवादांची भाषा फार सुंदर आहे वगैरे लिहू नये. ती भाषा तिला कळलेली नाही. आवाजाचा चढउतार कळला, चेहरे कळले, त्याबद्दल लिहावं.

निळीशाई | गुरुवार, रात्री 9:30

काल रात्री तिने शेवटची दहा मिनिटं परत पाहिली. मी शेजारीच होते, पण तोंड बंद ठेवलं होतं. एका क्षणी ती किंचाळली, "आई, बूट!" वडील घरी येतायत, सायकलला सामान लावलंय आणि त्या सामानात दोन नवे जोड आहेत. एक मुलीचा, एक मुलाचा. क्षणभरच दिसतात. मलाही पहिल्यांदा अजिबात दिसले नव्हते, मी तेव्हा अलीच्या रडण्यातच होते.

मला वाटलं, झालं, आता तिची तक्रार मिटली. पण ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला कळलं, पण अलीला कळलं नाही. तो हौदाशी बसलाय तेव्हा त्याला वाटतंय की तो हरला. आपल्याला माहितीये की बूट येतायत. मग त्या माशांकडे बघताना मला आनंद पण होतोय आणि त्याच्यासाठी वाईट पण वाटतंय. हे मुद्दाम केलंय का?"

मी काय उत्तर देणार! तिला म्हटलं, मुद्दाम केलंय की नाही ते तूच लिही.

आज तिने वहीत आणखी एक गोष्ट टिपली. झाराला तिचे हरवलेले बूट शाळेतल्या एका मुलीच्या, रोयाच्या, पायात दिसतात. दोघं भावंडं तिच्या घरापर्यंत जातात. तिचे वडील आंधळे आहेत असं दिसतं आणि दोघं न बोलता परत फिरतात. लेकीची उजवीकडची टीप अशी: 'कोणी काही बोलत नाही पण दोघांनी ठरवलं. मला ऐकू आलं.'

तिसरीघंटा | गुरुवार, रात्री 10:15

ताई, आता तिच्याकडे परीक्षण आहे. फक्त ते तिला दिसलं पाहिजे.

तिच्या टिपा शेजारी शेजारी ठेवून बघा. वहीत लिहून बोलणं. रोयाच्या दारातून न बोलता परतणं. शेवटी अलीला माहीत नसलेली आणि आपल्याला माहीत असलेली गोष्ट. तिन्ही ठिकाणी कुणाला काय माहीत आहे आणि कुणी काय बोलत नाही, हेच चालू आहे. 'मला ऐकू आलं' असं तिने लिहिलं, तिथेच तिचं मध्यवर्ती म्हणणं आहे. तिने ते एका वाक्यात लिहून टेबलासमोर चिकटवावं आणि प्रत्येक परिच्छेद लिहिताना त्या वाक्याकडे बघावं. त्या वाक्याशी ज्याचा संबंध नाही ते कितीही आवडलं तरी बाहेर. 600 शब्दांत तीन प्रसंग मावतात, चौथा घातला की सगळेच आखडतात. साबणाचे फुगे वगळताना तिला वाईट वाटेल. ते वाईट वाटणं रास्त आहे.

ते वाक्य मात्र तुम्ही सुचवू नका, आम्हीही सुचवत नाही. थोडं ओबडधोबड झालं तरी तिचंच असू दे.

वावटळ | गुरुवार, रात्री 11:00

आतापर्यंत नुसता वाचत होतो. एक वेगळा मुद्दा. चित्रपटात गरिबी फार गोड करून दाखवली आहे, अशी टीका मी स्वतः करत आलोय. मुलं शहाणी, आईवडील सोशिक, राग कुणालाच नाही. लेकीने या बाजूचाही विचार करावा का?

रानवाट | शुक्रवार, सकाळी 7:40

वावटळ, विचार तिने जरूर करावा, पण तिला तसं वाटलं तरच लिहावं. दुसऱ्याची टीका उसनी आणली तर तीही उतरवून काढणंच झालं. आणि माझं मत विचाराल तर राग आहे. वडिलांना बागकामासाठी श्रीमंत वस्तीत नेलंय तो भाग परत पाहा. बंद फाटकांबाहेर उभं राहून घंटीच्या यंत्रात काय बोलावं हे त्या माणसाला सुचत नाही, शेवटी अली बोलतो. मला तिथे गोडवा दिसला नाही. परतीच्या वाटेवर सायकलचे ब्रेक लागत नाहीत, तेव्हा तर पोटात गोळा येतो.

वावटळ | शुक्रवार, सकाळी 9:05

फाटकाचा प्रसंग विसरलो होतो. तुमचं बरोबर आहे, त्या जागी माझी टीका टिकत नाही. शेवटाबद्दल मात्र माझी तीच टीका आहे, त्यावर मी ठाम आहे.

काचतावदान | शुक्रवार, दुपारी 12:20

मी पाहिला. सायकल दिसली. आता माझा जुना प्रश्न परत विचारतो: परीक्षणात हे लिहायचं कसं? तिचं सगळं म्हणणं शेवटावर उभं आहे, आणि शेवट सांगितला तर वाचणाऱ्याचा "आई, बूट!" हा क्षण आपण हिसकावून घेतो.

कोरीपाटी | शुक्रवार, दुपारी 2:00

हा खरा पेच आहे. मी वर्गात असं सांगते: परीक्षण दोघांसाठी असू शकतं. ज्याने पाहिलेलं नाही त्याच्यासाठी, किंवा ज्याने पाहिलंय आणि त्यावर बोलायचंय त्याच्यासाठी. लिहिण्याआधी ठरवायचं आणि त्याला जागायचं. बाईंनी काही सांगितलेलं नाही, तेव्हा ताई, लेकीला उद्या सरळ विचारायला सांगा. प्रश्न विचारला म्हणून गुण जात नाहीत, उलट मूल विचार करतंय हे कळतं.

न पाहिलेल्यासाठी लिहायचं ठरलं तर सायकलीचं नाव घ्यायचं नाही, पण एवढं सांगता येतं: शेवटी आपल्याला एक गोष्ट कळते जी अलीला कळत नाही, आणि ती क्षणभरच दिसते, म्हणून डोळे उघडे ठेवा. यात गुपितही राहतं आणि मुद्दाही पोचतो.

निळीशाई | रविवार, रात्री 8:45

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वर्गात बऱ्याच जणांनी पाहिलेला नाही, तेव्हा शेवट सांगू नकोस. मग तिने कोरीपाटी ताईंची वाट धरली. आज दुपारी लिहून संपवलं. कथा पाच ओळींत आली. साबणाचे फुगे गेले, त्यावर थोडी रुसवाफुगवी झाली. शर्यतीबद्दल तिने पाठ करून ऐकल्याचं लिहिलंय आणि ते मला सगळ्यात आवडलं. सुरुवातीचा परिच्छेद इथे देते:

'चित्रपट सुरू होतो तेव्हा एक माणूस बूट शिवत असतो. आपल्याला त्याचे हात दिसतात, चेहरा दिसत नाही. चित्रपट संपतो तेव्हा अलीचे पाय पाण्यात असतात आणि त्यांच्याभोवती मासे जमतात. मधल्या वेळात सगळे जण फार कमी बोलतात. अली आणि झारा तर वहीत लिहून बोलतात. तरी मला सगळं ऐकू आलं. हे कसं झालं ते शोधण्यासाठी मी हा चित्रपट दोनदा पाहिला.'

पहिल्या दृश्यात हात आणि शेवटच्या दृश्यात पाय, हे तिचं तिला सुचलं. मला ते आजवर दिसलं नव्हतं.

रानवाट | रविवार, रात्री 9:00

वहीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. ती मुलगी तो चित्रपट आता जास्त प्रेमाने पाहतेय. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

तिसरीघंटा | रविवार, रात्री 9:20

यातल्या एकाही शब्दाला हात लावू नका. बाकीचा मजकूर मोठ्याने वाचून घ्या. वाचताना जिथे श्वास अडकेल तिथलं वाक्य मोडायचं. एवढंच उरलंय.

निळीशाई | रविवार, रात्री 9:35

तिची एक शंका आहे. मासे असतात त्या जागेला तिने शेवटच्या परिच्छेदात 'हौद' म्हटलंय. तिच्या मैत्रिणीने 'तलाव' सुचवलं, कारण हौद हा शब्द जुना वाटतो म्हणे. काय ठेवावं?

कोरीपाटी | रविवार, रात्री 9:50

हौदच ठेवा. अंगणातल्या अशा बांधीव पाण्याला फारसीत 'हौज' म्हणतात, आणि आपला हौद त्याच शब्दातून आलेला आहे. अली ज्याच्या काठावर बसलाय त्याला त्याच्या घरातही जवळजवळ हेच म्हणत असतील.